फक्त पाणी गरम करायला

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासक्रमात हे कुठे दिलेलं नाही, पण सदाशिव पेठेत राहून अभ्यास करणाऱ्याला राज्यघटनेच्या आधी हे कलम पाठ होतं. दुपारी ‘फीस्ट’ असते. मसालेभात आणि दोन गुलाबजाम. तेवढ्यावर पोराने सोमवार गाठावा असा मेसवाल्या मामांचा हिशेब. महिन्याच्या सुरुवातीला आम्ही बाहेर थाळी खातो. महिनाअखेरीला खोलीत जे असेल त्यावर भागवायचं, आणि खोलीत असते एक दीड लिटरची केटल.

खोली कॉट बेसिसवर, म्हणजे भाडं एका खाटेपुरतं. गॅस नाही, शेगडी नाही, इंडक्शन नाही, अंडं तर नाहीच नाही, अशा सगळ्या अटी वाचून झाल्यावर काकू थोड्या विरघळल्या आणि म्हणाल्या, “ती लाइटवरची किटली ठेवा हवी तर. पण फक्त पाणी गरम करायला हं!”

त्या ‘फक्त’चा आम्ही जेवढा कीस पाडला तेवढा मुख्य परीक्षेच्या पेपरात पाडला असता तर आज तिघंही कुठल्यातरी तालुक्याला साहेब असतो. राज्यघटनेवरच्या केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाचे १३ न्यायाधीश ७ विरुद्ध ६ असे विभागले गेले होते. आमच्या खोलीचा निकाल २ विरुद्ध १ असा लागला. सोलापूरकराने बहुमताचा निकाल वाचून दाखवला: आपण गरम पाणीच करतो. त्यात वरून काही पडलं तर त्याला स्वयंपाक म्हणत नाहीत, अपघात म्हणतात. जळगावकराने विरोधी मत नोंदवलं आणि मॅगी पहिल्यांदा त्यानेच वाढून घेतली.

काकूंना गुंडाळता येतं, केटलला येत नाही. पाणी उकळलं की वाफ आतल्या एका भोकातून हँडलच्या बाजूला जाते. तिथे दोन वेगवेगळ्या धातूंची एकावर एक बसवलेली पत्री असते. दोन्ही धातू तापल्यावर सारखे पसरत नाहीत, म्हणून पत्री वाकते आणि टक्! बटण वर. योजना हुशारीची आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. केटल नेमके १०० अंश मोजून बंद होणारी असती तर अख्ख्या पेठेत एकही वेळेवर बंद झाली नसती. ही वाफेवर चालते, म्हणून महाबळेश्वरलाही चुकत नाही. अशी आपोआप बंद होणारी केटल इंग्लंडमध्ये रसेल हॉब्ज कंपनीने १९५५ साली आणली. चहासाठी पाणी उकळलं की त्या लोकांचं काम संपतं. आमचं तिथून सुरू होतं.

उदाहरणार्थ, भात. भाताला निदान पंधरा मिनिटं उकळी लागते आणि केटल पहिल्या उकळीलाच हात वर करते. बटण पुन्हा दाबावं तर ते बसत नाही, कारण पत्री अजून गरम. ती निवेपर्यंत थांबायचं, दाबायचं, दोन मिनिटांत टक्, पुन्हा थांबायचं. या कामाला आम्ही ‘टक्-ड्यूटी’ लावली. ड्यूटीवरच्या माणसाने मांडीवर चालू घडामोडींचं मासिक ठेवायचं आणि एक हात बटणावर. अशा वाचनातून काय लक्षात राहतं ते आमच्या निकालांवरून दिसतंच.

मग शोध लागला की झाकण उघडं ठेवलं तर वाफ वरच्या वर जाते, पत्रीपर्यंत पोचत नाही आणि केटल बंदच होत नाही. आम्हाला आकाश ठेंगणं झालं. पण केटलला मंद आच माहीत नाही. गॅस बारीक करता येतो, १५०० वॅट बारीक होत नाहीत. भाताचा फेस बाहेर येऊन सगळा स्टडी टेबलवर पसरला. राज्यशास्त्राच्या नोट्सची खालची पानं अजून एकमेकांना सोडत नाहीत.

आता आमचं तंत्र बसलंय. तांदूळ अर्धीच वाटी, तासभर भिजवलेले. पाणी निम्म्या केटलपर्यंत, झाकण उघडं, शेजारी एक माणूस चमचा घेऊन उभा. शिजले की जास्तीचं पाणी पेज म्हणून पेल्यात ओतायचं. कोलम मोकळा राहतो, इंद्रायणीचा गिचका होतो. पण त्या गिचक्यावर घरून आलेलं मेतकूट आणि तूप घातलं तर तक्रारीला जागा नाही. तुरीच्या डाळीच्या नादी लागू नये, ती कुकरशिवाय दाद देत नाही. मसूर गरीब स्वभावाची, लवकर शिजते. दूध तर आणूच नये. तळाला चिकटतं, करपतं आणि बेसावध क्षणी उतू जातं.

अंड्यांबद्दल मी काही बोलणार नाही, काकू वाचतात. एवढंच सांगतो की पाण्याला उकळी आली, टक् झालं, की झाकण न उघडता दहा-बारा मिनिटं तसंच ठेवलं तर गरम पाण्यात पुष्कळ गोष्टी आपोआप घट्ट होतात. कवचं सॅकमधून क्लासला न्यायची आणि तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची. आमच्या लायब्ररीवाल्याला संशय आहे, पण तो स्वतः नगरचा मेसग्रस्त आहे.

खरा जाच धुण्याचा. तोंड अरुंद, तळ करपलेला आणि खाली वायरिंग असल्यामुळे नळाखाली उलटसुलट धरायची सोय नाही. लिंबाच्या फोडी घालून पाणी उकळलं की बोअरच्या पाण्याचा पांढरा थर सुटतो, वास मात्र हलत नाही. सोमवारच्या चहाला रविवारच्या मॅगीचा वास येतो आणि मॅगीला मेतकुटाचा. जळगावकर याला ‘मिश्र अर्थव्यवस्था’ म्हणतो.

काकूंचा राग वेगळाच, लाइटबिलाचा. त्यांच्या मते वाड्याचा मीटर आमच्या किटलीमुळेच पळतो. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला: दीड लिटर पाणी उकळायला साडेपाच मिनिटं लागतात, म्हणजे सातएक भरलेल्या केटल झाल्या की एक युनिट. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “दीड लिटर गरम पाणी पिता तुम्ही? दिवसातून किती वेळा?” या प्रश्नाची आम्ही तयारी केली नव्हती. वर त्याच आठवड्यात सोलापूरकराने केटल चालू असताना इस्त्री लावली आणि मजल्याचा एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा खटका, पडला. मुलाखतीला जायचा शर्ट होता, नाहीतर तो इस्त्रीच्या भानगडीत पडणारा नाही.

गेल्या रविवारी काकू स्वतः वर आल्या. आम्ही तिघंही एकदम केटलपुढे उभे राहिलो.

“सिलिंडर संपलाय रे. उद्या येईल म्हणतात. तुमच्या त्या किटलीत जरा काम होतं.”

“पाणी गरम करायचंय का काकू?”

“पाणीच,” असं म्हणून त्यांनी पदराआडून भिजवलेल्या तांदळाची वाटी काढली. केटल हातात घेऊन आत पाहिलं, वास घेतला, नाक मुरडलं, तांदूळ ओतले. मी अदबीने झाकण लावायला गेलो.

“झाकण नको लावू,” काकू म्हणाल्या, “टक् करून बंद पडते मेली. आणि तो चमचा दे इकडे. तुमच्या आधीची मुलं निम्म्याच्या वर पाणी घालायची, सगळं टेबल खराब केलं होतं.”