मालकाचं उत्तर: बोर्डावर १५, बिलात सव्वासात

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. काउंटरवरचा मुलगा तुमच्याशी तुटक बोलला, ते चुकलंच. त्याबद्दल माफी मागतो. आमच्या मेडिकलच्या बोर्डावर सूट लिहिताना '१५ टक्के' मोठ्ठं आणि पुढचा 'पर्यंत' बारीक आहे, हेही कबूल. पण 'बोर्डावर १५, हातात ७, कूपन नाकारलं, कॅशबॅक बुडवला, तान्ह्या बाळाच्या दुधातसुद्धा यांना पैसे खायचेत' असं तुम्ही लिहिलंत. यातलं शेवटचं वाक्य फार लागलं. तुमच्या बिलाची प्रत समोर ठेवूनच लिहितोय. औषधांची नावं इथे देत नाही, ती तुमची खासगी बाब.

एमआरपीने एकूण २,३४० रुपये. चिठ्ठीवरची औषधं ३०० ची, त्यावर ८ टक्के म्हणजे २४ रुपये कमी. मल्टीव्हिटॅमिन वगैरे ६४० चं, त्यावर पूर्ण १५ टक्के, ९६ रुपये. डायपर ५०० चे, १० टक्के, ५० रुपये. दुधाच्या पावडरचे डबे ९०० चे, सूट शून्य. एकूण सूट १७०, तुम्ही दिले २,१७०. सव्वासात टक्के पडतात, तुमचा हिशेब बरोबर आहे. डबे बाजूला ठेवले तर उरलेल्या १,४४० वर १७० म्हणजे पावणेबारा टक्क्यांहून जास्त पडते, तेवढं मात्र अभिप्रायात आलं नाही.

चिठ्ठीवरच्या औषधांना ८ च का? ती दोन्ही सरकारी किंमत नियंत्रणातली आहेत. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किरकोळ दुकानदाराचं मार्जिन खरेदी किमतीवर १६ टक्के धरलंय. म्हणजे १०० ची खरेदी, ५ टक्के जीएसटी धरून आम्हाला १०५ ला पडते. तिची एमआरपी येते ११६ वर ५ टक्के जीएसटी धरून १२१ रुपये ८० पैसे. त्यावर १५ टक्के सोडले तर १०३ रुपये ५३ पैशांना विकावी लागेल. पदरचे घालून औषध द्यायचं, वर फार्मासिस्टचा पगार, गाळ्याचं भाडं आणि इन्सुलिनच्या फ्रीजचं बिल. मोठी ॲप हे काही काळ करू शकतात, आम्ही नाही. नियंत्रणाबाहेरच्या मालात मार्जिन जरा जास्त असतं, तिथे १५ देतो आणि तुम्हाला दिलेही.

आता दुधाचे डबे. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीसाठी, बाटल्यांसाठी आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या आहारासाठी १९९२ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. अशा मालाचा खप वाढावा म्हणून नमुना, भेटवस्तू किंवा कसलंही आमिष द्यायला त्यात मनाई आहे. सूट आणि कूपन हेही आमिषच, असं धरूनच आम्ही चालतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे. डब्यावर 'आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम' अशा अर्थाची ठळक सूचना छापलेली असते, ती याच कायद्यामुळे. 'पलीकडचा ५ टक्के देतो' असं तुम्ही म्हणालात. देत असेल. दर दोनशे पावलांवर एक मेडिकल आहे, कोण काय करतं हे आम्हालाही दिसतं. आमचं दुकान तरी त्यात पडणार नाही, गिऱ्हाईक गेलं तरी.

शिवाय 'बिलावर डब्यांच्या जागी डायपर दाखवा आणि १० टक्के लावा' हे तुम्हीच सुचवलं होतंत. बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी येते. डबे गेले आणि डायपर दाखवले तर दोन्हींचा स्टॉक चुकतो, आणि उद्या एखादी बॅच परत बोलावली गेली तर ते डबे कुणाकडे गेले ते सापडणार नाही. फार्मासिस्टने नकार दिला आणि तिथून आवाज चढला. तेव्हा रात्रीचे नऊ चाळीस झाले होते, मागे चार जण चिठ्ठ्या हातात घेऊन उभे होते. मुलगा तुटक बोलला तो त्यानंतर.

कूपनचं सांगतो. डायपरच्या पाकिटातून निघणारं ४० रुपयांचं कूपन आम्ही घेतो, पण तो कागदच लागतो. त्यामागे आम्ही बिल नंबर लिहितो, स्टॉकिस्टचा, म्हणजे आम्हाला माल देणाऱ्या घाऊक विक्रेत्याचा, माणूस येऊन गठ्ठा घेऊन जातो आणि दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट नोट मिळते, म्हणजे तेवढे पैसे आमच्या खात्यात वळते होतात. तुम्ही मोबाइलवर फोटो दाखवलात. तोच फोटो चार दुकानांत चालवता येतो, म्हणून कंपनी तो धरत नाही आणि ४० रुपये आमच्या अंगावर बसतात.

राहिला कॅशबॅक. तो बँकेचा, आमचा नव्हे. तुम्हीच टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये अट वाचता येते: किमान २,००० रुपयांचं एकच पेमेंट, मग १०० परत. तुम्ही १,५०० क्यूआरने दिलेत आणि ६७० रोख. अट तिथेच मोडली. एकरकमी दिले असते आणि कूपनचा कागद आणला असता, तर हे १०० आणि कूपनचे ४०, असे १४० वाचले असते. त्या १४० मधला एक रुपयाही आमच्या गल्ल्यात आलेला नाही.

पुढच्या वेळी आधी दुकानाची सूट लावून घ्या, मग कूपनचा कागद द्या आणि उरलेली रक्कम एकाच पेमेंटमध्ये भरा. कॅशबॅकची किमान रक्कम एमआरपीवर धरत नाहीत, शेवटी भरलेल्या आकड्यावर धरतात. त्यामुळे सूट नसली तरी डबे त्याच बिलात राहू द्या. डब्यांशिवाय तुमचं बिल १,२७० च होतं, कॅशबॅकच्या आसपासही गेलं नसतं. आणि कायमच्या गोळ्यांचा खर्च खरंच कमी करायचा असेल तर डॉक्टरांकडून घटकाच्या नावाने चिठ्ठी लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. हे आमच्या धंद्याच्या विरुद्ध आहे, तरी सांगतो. चिठ्ठीवरचा ब्रँड बदलून स्वस्तातला द्यायची आम्हाला मुभा नाही.

बोर्ड रंगवणाऱ्याला सांगितलंय, 'पर्यंत' मोठं होईल. दुधाच्या कपाटावर 'या मालावर सूट नाही' अशी पट्टीही लावू. मुलाशीही बोललो आहे.

कूपनवरची तारीख उलटली नसेल तर कागद आणि हे बिल घेऊन या. स्टॉकिस्टचा माणूस आठवड्यातून एकदाच येतो, त्याला विचारून बघतो. रात्री साडेनऊच्या आत आलात तर निवांत बोलता येईल.