‘कळत नसेल तर 309एल लावा’: या सल्ल्याला माझं उत्तर

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या वर्कशॉपमध्ये एक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्टेनलेस कुठल्या ग्रेडचं ते कळत नसेल तर चुंबक लावा. चिकटला तर 400 सिरीज, नाही चिकटला तर 304. तरी शंका असेल तर 309एलची काडी (जोडात वितळवून भरायची तार) घ्या, ती सगळ्याला चालते. क्रॅकची भीती वाटली तर 312 घ्या. काडी भारी असली की जॉइंटही भारी होतो, आणि काडीवर ‘एल’ असेल तर गंजाची काळजी सोडा.

माझ्याकडे टिग वेल्डिंग शिकणारी पोरं हे तोंडपाठ म्हणून दाखवतात. म्हणून सविस्तर लिहितोय.

यातलं खरं आधी मान्य करतो. 309एलमध्ये साधारण 24 टक्के क्रोमियम आणि 13 टक्के निकेल असतं. स्टेनलेसला एमएस (साधं पोलाद) जोडायचं असेल तेव्हा ही काडी वापरतात, कारण एमएसचं लोखंड वितळून त्यात मिसळलं तरी जोड ठिसूळ होत नाही. त्याच गुणामुळे अनोळखी मटेरियलवरही ती पुष्कळ सांभाळून घेते. जिन्याची रेलिंग, स्टँड, कोरड्या जागेतलं काही असेल तर मीही तीच उचलतो. माझी हरकत ‘सगळ्याला’ या शब्दाला आहे.

चुंबकाचं आधी बघू, कारण खरी फसगत तिथे होते. ‘नाही चिकटला म्हणजे 304’ हे तर साफ चूक. 200 सिरीजलाही चुंबक चिकटत नाही, आणि रेलिंगच्या पाइपात 202 नाहीतर जे4 सर्रास असतं. त्यात निकेल कमी, मॅंगनीज जास्त. 304मध्ये निकेल 8 टक्क्यांच्या आसपास, जे4मध्ये जेमतेम 1. बफिंग केल्यावर दोन्ही सारखेच चकाकतात. जे4ला 308एल (304ची नेहमीची काडी) लावा की 309एल, जोड धरतो. गंज मात्र जोडाच्या शेजारी पाइपावरच येतो, आणि शिव्या वेल्डर खातो.

चिकटला म्हणजे 400 सिरीज, हेही खरं नाही. 304ची शीट वाकवली किंवा प्रेस केली की त्या ठिकाणी चुंबक हलका ओढतो. घरातल्या सिंकच्या तळाला आणि कोपऱ्याला चुंबक लावून बघा, हाताला फरक कळतो. ओतीव व्हॉल्व्हची बॉडी 304च्याच जातीची असली तरी थोडी ओढते. 2205 डुप्लेक्सला (केमिकल कामातलं मजबूत स्टेनलेस) तर चुंबक घट्ट बसतो, आणि त्याची काडी आहे 2209. भंगारातून केमिकल प्लांटचा पाइप आला, चुंबक बसला आणि त्याला कोणी 400 सिरीजमधलं 430 समजून काम केलं, तर डुप्लेक्सचा दर्जा त्या जोडात उरत नाही. चुंबक लावायचाच तर सपाट, न वाकवलेल्या, न कापलेल्या जागी लावा. त्यावरून शंका घ्यायची, ग्रेड ठरवायचा नाही.

आता ‘309एल सगळ्याला चालते’. एका लोणच्याच्या कारखान्यातली मिठाच्या पाण्याची टाकी आमच्याकडे दुरुस्तीला आली होती. कागद नव्हता, ग्रेड कोणाला माहीत नव्हता. घाई होती, म्हणून 309एलने ठिगळ लावलं. जोड सुंदर आला, पाणी भरून तपासलं, थेंब नाही. काही महिन्यांनी टाकी परत आली. आत टॉर्च मारला तर बीडच्या (वितळून थिजलेल्या वेल्डच्या पट्टीच्या) कडेने तपकिरी ठिपक्यांची रांग. टाचणी टोचली तर एका ठिपक्यात ती आत गेली. नंतर तुकडा तपासला तेव्हा कळलं की टाकी 316ची होती. 316मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, मीठ आणि आंबट एकत्र असलं तर ते फार उपयोगी पडतं. 309एलमध्ये क्रोमियम भरपूर, मॉली नाही. आणि दोष फक्त काडीचा नव्हता. आतून आर्गन सोडला नव्हता, जोडाजवळचा निळा-काळा थर आम्लाच्या पिकलिंग पेस्टने काढला नव्हता. या दोन चुका माझ्या. काडीवरची चर्चा संपली की लोक बॅक पर्जिंग (म्हणजे आतून आर्गन सोडणं) विसरतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. रूटला, म्हणजे जोडाच्या तळाला, आतून साखरेसारखे काळे दाणे आले असतील तर महागडी काडीही उपयोगाची नाही.

410 किंवा 420चा शाफ्ट असेल तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे 309एल बीड मऊ ठेवते, पण बीडच्या शेजारचा मूळ धातू तापून थंड होताना कडक होतो. त्याला काडी काही करू शकत नाही. संध्याकाळी जॉब टेबलावर ठेवून घरी जायचं आणि सकाळी बीडच्या कडेला केसासारखी चीर दिसायची, हे मी स्वतः पाहिलंय. त्याला साधारण 200 अंशांपासून पुढे प्रीहीट (वेल्डच्या आधी तापवणं) लागतं, आणि नंतर सावकाश थंड होऊ द्यावं लागतं.

ऑटोमॅटिक लेथवर चालणारा 303चा बार हा तिसरा प्रकार. मशिनिंग सोपं व्हावं म्हणून त्यात गंधक मुद्दाम घातलेलं असतं. वेल्ड करताना बीड थिजतो आणि मधोमध रेषेत फाटतो. इथे 312 खरंच मदत करते, कारण तिच्यात फेराइट (धातूची एक अंतर्गत रचना) भरपूर. म्हणूनच तिला ‘क्रॅक न जाणारी काडी’ असं नाव पडलंय. पण हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतली बास्केट किंवा ट्रे 312ने जोडाल तर तेच फेराइट उलटेल. सतत जास्त तापमानात राहिल्यावर ते ठिसूळ होतं, आणि वजन पडलं की जोड मोडतो. तिथे 310चा विचार करावा लागतो.

‘एल’बद्दल थोडक्यात. एल म्हणजे कार्बन कमी, साधारण 0.03 टक्क्यांच्या आत. हा काडीतला कार्बन झाला. मूळ शीटमध्ये कार्बन जास्त असेल तर जोडाशेजारची पट्टी 425 ते 815 अंशांच्या दरम्यान रेंगाळताना तिथलं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं, आणि गंज तिथून सुरू होतो. हँड-गन (एक्स-रेने धातू ओळखणारं हातातलं यंत्र) लावून ग्रेड बघणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. ती गन क्रोमियम, निकेल, मॉली, मॅंगनीज काही सेकंदांत दाखवते, कार्बन दाखवत नाही. 304 की 304एल हे तिला विचारू नका. त्यासाठी लॅबच्या स्पेक्ट्रोवर (स्पेक्ट्रोमीटरवर) तुकडा द्यावा लागतो.

मग करायचं काय? मी आधी विचारतो: हे कुठून काढलं, यातून काय वाहत होतं, किती गरम होत होतं, आणि आता यात काय भरणार? पाइपावर रंगाने मारलेला हीट नंबर (धातूच्या त्या घाण्याचा क्रमांक) शोधतो. मॉलीच्या टेस्ट किटचा थेंब आणि 9 व्होल्टची बॅटरी एवढ्यावर 304 की 316 याचा अंदाज मिनिटात येतो. ग्राइंडरची ठिणगीही बघतो, पण 304 आणि 202 ठिणगीवरून वेगळे करू शकतो असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. उरलेल्या तुकड्यावर बीड मारून तो शिकंज्यात धरून वाकवतो. चीर जायची तर तिथेच जाते. मॉली निघाली की 316एल. हीच काडी 304वरही बिनदिक्कत चालते, म्हणून ओल्या किंवा खारट कामात अडलं तर मी 309एलऐवजी तिच्याकडे वळतो.

आणि दाबाची लाइन असेल, दुधाची किंवा औषधाची टाकी असेल आणि ग्रेड कळतच नसेल, तर मी जोड मारत नाही. तेवढा भाग कापून टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) असलेल्या मटेरियलचा तुकडा बसवायला सांगतो, आणि उरलेल्या जुन्या टाकीचा एक तुकडा स्पेक्ट्रोला पाठवायला लावतो. त्या लोणच्याच्या टाकीचं शेवटी तेच केलं: 316एलची शीट, 316एलची काडी, आतून आर्गन, वर पिकलिंग. आणि तळाला पंच मारून ग्रेड कोरला, पुढच्या वेळी कोणाला चुंबक शोधायला लागू नये म्हणून.