तीन दिवस गप्प बसा म्हणे!

एखादा मराठी सिनेमा आपटला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, नाटकवाल्यांच्या ग्रुपवर. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच. मराठी सिनेमा समीक्षकांनी मारला. ‘शोले’ही ते पाडायला निघाले होते, गुरू दत्तला त्यांनीच संपवलं. त्यांना फक्त महोत्सवातले रडके सिनेमे आवडतात, पैसे घेऊन स्टार वाटतात, स्वतःला मात्र एक शॉट लावता येत नाही. तेव्हा सिनेमा लागल्यापासून तीन दिवस परीक्षणांवर बंदी घाला. खाली जोडलेले हात आणि ‘मराठी असाल तर पुढे पाठवा’.

मराठी आहे, पण पुढे पाठवलेला नाही.

‘शोले’पासूनच सुरुवात करू, कारण मेसेजवाल्यांचा तो हुकमाचा एक्का आहे. १५ ऑगस्ट १९७५ ला सिनेमा लागला आणि परीक्षणं वाईट आली, हे खरंच आहे. ‘इंडिया टुडे’ने तर त्याला विझलेला निखारा ठरवलं. पण त्या आठवड्यात तो पडला असं फक्त समीक्षक म्हणत नव्हते, धंद्यातली जाणती मंडळीही म्हणत होती. खुद्द सिनेमावाले इतके धास्तावले होते की शेवट बदलून जयला जिवंत ठेवायचा विचार सुरू झाला. रमेश सिप्पींनी जरा थांबून बघायचं ठरवलं, म्हणून तो शेवट वाचला. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला सिनेमा पाच वर्षं चालला. आता सांगा, यातून सिद्ध काय झालं? समीक्षकांनी झोडपूनही सिनेमाचा केसही वाकडा झाला नाही. म्हणजे समीक्षक सिनेमा मारतात या दाव्याच्या पुष्ट्यर्थ जो पुरावा दिलाय, तोच दाव्याच्या मुळावर येतो. ‘समीक्षकांना कोण विचारतं?’ आणि ‘समीक्षकांनी वाट लावली’ ही दोन्ही वाक्यं एकाच मेसेजमध्ये सुखाने नांदतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

गुरू दत्तचं प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण तिथे एका माणसाच्या मृत्यूचं खापर फोडलं जातं. ‘कागज़ के फूल’ १९५९ चा. भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, सिनेमा. तो पडला, आणि त्यानंतर गुरू दत्तने दिग्दर्शक म्हणून आपलं नाव पुन्हा लावलं नाही. इथवर बरोबर. पण तो पडला तो लोकांनी पाठ फिरवली म्हणून. पुढच्याच वर्षी त्याच्याच संस्थेचा ‘चौदहवीं का चाँद’ लोकांनी डोक्यावर घेतला, १९६२ मध्ये ‘साहिब बीबी और ग़ुलाम’ आला, आणि १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये गुरू दत्त गेला. मधल्या पाच वर्षांतलं त्याचं खाजगी दुःख गाळून सगळं दोन-चार परीक्षणांच्या माथी मारणं हा इतिहास नव्हे. उलट ‘कागज़ के फूल’ आज अभिजात म्हणून पाहिला जातो, तो कोणामुळे? ज्या प्रेक्षकाने १९५९ ला तिकीट काढलं नाही त्याच्यामुळे नक्कीच नाही. सिनेमावर लिहिणाऱ्यांनी तो पुन्हा पुन्हा वर काढला. त्यातलं एक महत्त्वाचं काम तर आपल्या भाषेत झालंय. अरुण खोपकरांचं ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’, ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मेसेज मराठीत फिरवणाऱ्यांना हे मराठी पुस्तक ठाऊक असू नये, हे जरा लागतं.

आणि खोपकरांनीच ‘कथा दोन गणपतरावांची’ हा सिनेमाही केला. तेव्हा ‘स्वतः एक शॉट लावून दाखवा’ या आव्हानाचा निकाल इथेच लागला. सत्यजित राय सिनेमा करण्याआधीपासून सिनेमावर लिहीत होते, फ्रान्सचे दिग्दर्शक त्रुफो आणि गोदार तर मुळात समीक्षकच. पण समजा एखाद्याने आयुष्यात कॅमेरा हातात धरला नाही, म्हणून काय झालं? तिकिटाला अडीचशे रुपये मोजणाऱ्या प्रेक्षकानेही तो धरलेला नसतो, आणि मेसेजवाल्यांच्या मते शेवटचा शब्द त्याचाच.

आता महोत्सवातले रडके सिनेमे. ज्या ‘सैराट’च्या ‘झिंगाट’ला लोक थिएटरात पडद्यासमोर जाऊन नाचले, तो गावोगाव लागण्याआधी, २०१६ च्या फेब्रुवारीत, बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता. परीक्षणं चांगली आली, रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, आणि कमाई शंभर कोटींच्या घरात गेली. ‘श्वास’ समीक्षकांचा आणि लोकांचाही. ‘नाळ’ तसाच. अगदी अलीकडचं बघायचं तर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आलेला ‘दशावतार’. दिलीप प्रभावळकरांचं कौतुक परीक्षणांत झालं आणि तिकीटबारीवरही झालं. उलटी उदाहरणं आहेत का? आहेतच. ‘आत्मपॅम्फ्लेट’ची तोंडभरून स्तुती झाली, बघायला मात्र फार थोडे गेले. ‘दुनियादारी’बद्दल काही लिहिणाऱ्यांनी नाकं मुरडली आणि पोरांनी त्यातले संवाद पाठ केले. कधी जुळतं, कधी जुळत नाही. यातून समीक्षकांचा कट शोधून काढायला फारच कल्पनाशक्ती लागते.

मराठी समीक्षकांवर माझाही राग आहे, पण तो बरोबर उलट्या कारणासाठी. ते झोडपतात कुठे? कुठल्याही शनिवारचं परीक्षण काढा. निम्मा मजकूर कथा सांगण्यात. मग ‘मध्यंतरानंतर सिनेमा काहीसा रेंगाळतो’. मग ‘संकलनात कात्री थोडी अधिक चालली असती तर’. छायाचित्रण डोळ्यांना सुखावतं, पार्श्वसंगीत प्रसंगाला पूरक, सहकलाकारांची साथ उत्तम. शेवटी ‘एकदा पाहायला हरकत नाही’ आणि तीन स्टार, फारच राग आला असेल तर अडीच. सिनेमा नक्की कशाबद्दल आहे, तो अमुक ठिकाणी का फसला, यावर एक ओळ नाही. ‘आपला मराठी सिनेमा आहे, सांभाळून घ्या’ हे न सांगता पाळलं जातं. त्यामुळे वाचकाला चांगला सिनेमा आणि बरा सिनेमा यांतला फरकच कळेनासा झालाय. सगळेच ‘एकदा पाहायला हरकत नाही’ असतील तर माणूस घरीच थांबणार.

पैशाच्या आरोपाला मी खोटं म्हणणार नाही. प्रीमियरच्या रात्री थिएटरबाहेर उभं राहून, अजून डोळ्यांवरचा अंधारही गेलेला नसताना, ‘मस्ट वॉच’ असं रील टाकणारे सगळ्यांनी पाहिलेत. जाहिरात म्हणून छापायचा मजकूर मुलाखतीच्या वेषात येतो, हेही खरं. फक्त एक विचारतो. यातलं पाकीट देतं कोण? प्रेक्षक तर देत नाही. ज्यांच्यासाठी मेसेज हळहळतोय, त्यांच्याच बाजूने ते येतं. आणि पैसे घेणारा वाईट लिहीत नाही, चांगलं लिहितो. मग या पैशाने सिनेमा मरतो तो कसा?

मराठी सिनेमा कशाने मरतो हे बघायचं असेल तर शुक्रवारी सकाळी तिकिटांचं अ‍ॅप उघडा. अख्ख्या शहरात चार खेळ. एक सकाळी सव्वादहाचा, कामावर जाणाऱ्याला अशक्य. एक रात्री पावणेअकराचा, तोही अशा मॉलमध्ये जिथून परतताना रिक्षा मिळत नाही. उरलेले दोन शहराच्या दुसऱ्या टोकाला. २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारने मल्टिप्लेक्सनी प्राइम टाइमला, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, मराठी सिनेमा दाखवायचा नियम आणला तेव्हा तो या दुखण्यासाठीच आणला होता. पुढे दुपारी बारापासूनची वेळही प्राइम टाइममध्ये मोजली गेली आणि त्यातली हवा गेली. २०२५ च्या जुलैमध्ये हिंदी ‘सैयारा’च्या लाटेत ‘येरे येरे पैसा ३’चे खेळ काढले गेले, तेव्हा आंदोलनाचे इशारे द्यावे लागले. तो तर नावाजलेल्या चेहऱ्यांचा सिनेमा होता. नवख्याने काय करायचं?

आता ही तीन दिवसांची मागणी या पार्श्वभूमीवर वाचा. मागणी काही आपल्याकडे उगवलेली नाही. केरळात उच्च न्यायालयाने नेमलेल्या वकिलांनी २०२४ मध्ये ४८ तास थांबण्याची सूचना केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तमिळ निर्मात्यांनी तीन दिवसांच्या बंदीसाठी मद्रास उच्च न्यायालय गाठलं. तिथे अंतरिम बंदी मिळाली नाही. पण घटकाभर धरून चाला की आपल्याकडे ती लागू झाली. हजारो पडद्यांवर लागलेल्या बड्या सिनेमाला हे तीन दिवस सोन्याचे. खरी बातमी फुटायच्या आत गल्ला भरून घ्यायचा. छोट्या सिनेमाचं मात्र हे अख्खं आयुष्य असतं. शनिवार-रविवारची गर्दी बघून सोमवारपासून खेळ कापले जातात. त्याच्याकडे होर्डिंगला पैसे नाहीत, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात प्रमोशनला वशिला नाही. त्याच्या नावाने फुकटात बोलणारा एकच माणूस असतो, आणि त्याने तोंड उघडायचं सोमवारी, पोस्टर उतरल्यावर. ‘साबर बोंडं’ अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचं मोठं पारितोषिक घेऊन आपल्याकडे लागला, तेव्हा हे नाव मी ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यातल्या प्रत्येकाने ते कुठल्या ना कुठल्या लेखात वाचलेलं होतं.

शिवाय निर्मात्याला समीक्षकाची एवढीच धास्ती असेल तर त्यासाठी कायदा लागत नाही. प्रेस शो ठेवूच नका. हिंदीतले काही बडे निर्माते बिनदिक्कत तसं करतात. आपल्याकडे मात्र बुधवारी ग्रुपवर आमंत्रण येतं, गुरुवारी संध्याकाळी समोसे आणि कॉफी असते, आणि मध्यंतरात निर्माता स्वतः खुर्च्यांच्या रांगेत वाकून विचारतो, ‘मग? उद्याच्या अंकात येतंय ना?’