चवथीआधी फिरणारा माइकचा सल्ला आणि त्यातला फोलपणा

गोव्यात चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की घुमट आरतीचे, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावर गायल्या जाणाऱ्या आरत्यांचे, व्हिडिओ काढायचे बेत सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग एक मेसेजही फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: 'पाच हजारांखालचा माइक म्हणजे पैसे पाण्यात. लांब नळीचा शॉटगन घ्या, तो दूरचा आवाज खेचून घेतो. माइक कुठल्याही कॅमेऱ्याला किंवा मोबाईलला लागतो. वाऱ्याची चिंता नको, तो एडिटिंगमध्ये काढता येतो. नाहीतर सरळ वायरलेस घ्या.' नवी पोरं हे वाचून खिसा रिकामा करतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा भाग आधी. शॉटगन माइक आवाज खेचत नाही. कुठलाच माइक खेचत नाही. शॉटगन बाजूंनी येणारा आवाज थोडा दाबतो, एवढंच त्याचं काम. गाणाऱ्यापासून तुम्ही 1 मीटरवरून 2 मीटरवर गेलात की त्याचा थेट आवाज 6 डेसिबलने उतरतो, मग माइक दोन हजारांचा असो की वीस हजारांचा. खोलीचा घुमारा मात्र आहे तेवढाच राहतो. त्यामुळे दारात उभं राहून काढलेल्या आरतीत शब्द कमी आणि गोंगाट जास्त येतो.

आता ती नळी. तिच्या कडेच्या फटींमुळे बाजूचा आवाज आपल्याआपणच कटतो, पण त्यासाठी आवाजाची लहर नळीच्या लांबीपेक्षा आखूड असावी लागते. 20 सेंटिमीटरच्या नळीचा हिशेब 1700 हर्ट्झच्या आसपास येतो. त्याखालच्या, म्हणजे जास्त खर्जातल्या, आवाजाला ती नळी असून नसल्यासारखी. घुमटाचा 'घुम्म' त्याच्या कितीतरी खाली बसतो. त्यात देवळाचा सभामंडप किंवा फरशी घातलेली वसरी (ओसरी) असली की भिंतींवरून परतलेला आवाज समोरूनही येतो, आणि समोरून येणाऱ्याला नळी अडवणार कशी? असल्या जागी आखूड, साधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा, मागचा दाबणारा) माइक जास्त नैसर्गिक वाटतो. मी तरी बंद खोलीत नळीचा माइक लावणार नाही.

मग पाच हजारांचा मुद्दा. बोया कंपनीचा असा आखूड माइक, बीवाय-एमएम1, दोन हजारांच्या आतबाहेर मिळतो. डब्यातच वारा अडवणारी केसाळ टोपी येते आणि कॅमेरा व मोबाईल दोन्हींसाठी वेगळ्या केबल येतात. रोड कंपनीचा व्हिडिओमायक्रो त्याच घडणीचा, जास्त नेटका, अर्थात महाग. दोघांत फरक आहे, नाही म्हणत नाही. पण स्वस्त माइकच्या नावाने खपवली जाणारी खरखर पुष्कळदा कॅमेऱ्याच्या पोटातून येते. ऑटो लेव्हल (कॅमेऱ्याने आवाजाची पातळी आपली आपण ठरवणं) चालू असली की आरती संपून शांतता झाली रे झाली, कॅमेरा आवाज वर चढवतो आणि सूंऽऽ ऐकू येतं. मेनूत जाऊन लेव्हल मॅन्युअल करा आणि जोरात गाताना काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. माइकवर आवाज वाढवायचं बटण असेल तर हळू बोलणाऱ्यासाठी ते वापरून कॅमेऱ्याची लेव्हल खाली आणा. शिगम्याच्या रोमटामेळात (ढोल-ताशांच्या मिरवणुकीत) नेमकं उलट करायचं: वाढवायचं बटण बंद, लेव्हल अगदी तळाला. ढोल-ताशे समोर आले की फाटलेला आवाज पुढे कोणालाच शिवता येत नाही.

'कुठल्याही कॅमेऱ्याला लागतो' हे तर धडधडीत खोटं. कॅननचा 1500डी कॅमेरा कितीतरी घरांत आहे, आणि त्याला बाहेरचा माइक लावायचं भोकच नाही. 200डीला आहे. मोबाईलची गोष्ट वेगळी. माइकच्या पिनवर काळे पट्टे मोजा: दोन असतील तर ती कॅमेऱ्याची, तीन असतील तर मोबाईलची. चुकीची केबल लावली तर मोबाईल निमूटपणे आपल्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो, आणि हे कळतं घरी आल्यावर. गोल भोक नसलेल्या मोबाईलला टाइप-सीचा जोड लागतो, तोही माइक चालवणारा; नुसता हेडफोनपुरता असलेला उपयोगाचा नाही.

वाऱ्याबद्दल फार बोलायला नको. दुपारनंतर मिरामारच्या किंवा मोरजीच्या किनाऱ्यावर उभे राहा. खालची घरघर एडिटिंगमध्ये थोडी कापता येते, खरं आहे. पण झोताने माइकचा पडदाच दणाणला की त्याखालचा शब्द गेला तो गेलाच. काळा स्पंज घरातल्या 'प-फ'च्या फुंकरीपुरता. किनाऱ्यावर केसाळ टोपीच हवी. पावसात ती भिजून चपटी झाली की तिचाही उपयोग संपतो, तेव्हा वाळवून, विंचरून ठेवा. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत माइक सिलिका जेलच्या पुडीसकट डब्यात ठेवलेला बरा.

राहिलं वायरलेस. एकच माणूस बोलणार असेल तर छातीला लावायचा माइक उत्तमच, पण त्याला वायरलेस कशाला? बोयाचा बीवाय-एम1 तारेचा आहे, तार 6 मीटर, आणि किंमत हजाराच्या आसपास. आरतीत मात्र दहाजण गातात, वर दोन घुमटं, शामेळ (तालवाद्य) आणि कासाळें (झांजा) वाजतात. एकाच्या सदऱ्याला माइक अडकवलात तर सगळी आरती त्याच्याच गळ्यातून येते. जत्रेच्या गर्दीत 2.4 गिगाहर्ट्झच्या वायरलेसला माणसांची शरीरंच आडवी येतात, हे वेगळंच.

तेव्हा यंदा चवथीला माझी यादी अशी: आखूड कार्डिऑइड माइक, केसाळ टोपी, बरोबर पट्ट्यांची केबल. लेन्स वाइड करून मेळापासून हातभर-दोन हातांवर बसायचं, घुमटवाल्याच्या अगदी समोर नाही, गाणाऱ्यांच्या बाजूला. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांना हेडफोन जोडता येत नाही, म्हणून पहिली आरती सुरू होण्याआधी मिनिटभर वाजवून घ्यायचं आणि तिथल्या तिथे ऐकायचं. घरच्यांना पंखा बंद करायला सांगायला विसरू नका. भाद्रपदातल्या उकाड्यात दोन शिव्या पडतील, पडू देत.