शोकसभेला मात्र वेळेवर या

शहरातला रॉक पब बंद पडल्याची बातमी आली की सगळ्यात आधी फोनमध्ये जुना फोटो शोधा. लाल उजेड, मागे ड्रम, पुढे तुम्ही, हातात बिअर आणि डोक्यावर तेव्हाचे केस. तो टाका आणि खाली लिहा, 'एक पर्व संपलं.' तुम्ही तिथे शेवटचे कधी गेला होतात, हे लिहू नका. कोणी विचारत नाही. मीही विचारणार नाही, कारण मग तुम्ही मला विचाराल.

मी बेस गिटार वाजवायचो. बँडमध्ये हा असा प्राणी असतो की तो आला नाही तर काहीतरी चुकतंय एवढं सगळ्यांना कळतं, काय चुकतंय ते कोणालाच कळत नाही. आमचा अड्डा नागपूरच्या धरमपेठेत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खाली औषधांचं दुकान, वर तीन मजले बिऱ्हाडं, मधे आम्ही. दर गुरुवारी लाइव्ह बँड. तो अड्डा बंद पाडण्यात माझा थोडाफार हातभार लागला आहे, तेव्हा चार गोष्टी अनुभवाने सांगू शकतो. होतकरूंनी लाभ घ्यावा.

पहिलं म्हणजे, तिकीट काढू नका. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता बँडमधल्या कोणाला तरी फोन लावा. "काय बे, आज वाजवून राहिले ना तुम्ही? लिस्टमध्ये नाव टाकजो माझं. चार जण आहो." कव्हर, म्हणजे आत शिरायचे, 300 रुपये, तेही बिलातून वळते होणारे. पण ते भरणं म्हणजे आपली ओळख नाही, हे चारचौघांत कबूल करणं. नागपुरात माणसाची पत तो कुठेकुठे पैसे देत नाही यावर ठरते. गेस्ट लिस्ट इतकी लांबली पाहिजे की कोणी खरोखरच पैसे काढले तर दारावरच्या पोराला त्याचा संशय यावा.

इथे झाडीपट्टीचं नाव काढायचं नाही. दिवाळी झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडच्या गावांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे त्या धंद्याची राजधानी. थंडीत, मंडपाखाली, रात्रभर नाटक चालतं, ऑर्गन-तबला समोर जिवंत वाजतो, आणि धान विकून आलेला माणूस बायकापोरांसह तिकीट काढून बसतो. त्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. हे सगळं आपल्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर चालतं. पण ती गावाकडची माणसं, त्यांना गेस्ट लिस्ट ठाऊक नसते. आपण सुधारलेले.

आत आलात की बसा. एक बिअर मागवा आणि ती चार तास पुरवा. सोबत मसाला पापड, तोही मधे ठेवून. रॉकप्रेमी माणूस संगीत ऐकायला येतो, खायला-प्यायला नाही, हे मॅनेजरला अभिमानाने सांगा. तो बिचारा मान डोलवील. त्याला हिशेब कळतो: परमिट रूमचा परवाना, पोलिसांकडचा कार्यक्रमाचा परवाना, गाण्यांच्या हक्कांसाठी आयपीआरएसचा परवाना, एसीचं बिल, आणि वर बँडचे 3,000 रुपये व जेवण. (जेवण म्हणजे जिरा राइस आणि दाल फ्राय. चिकन 'बँडच्या जेवणात' बसत नसे.) यातलं सगळं तुमच्या त्या एका बिअरमधून निघायचं असतं. शुक्रवारी तिथेच लॅपटॉप घेऊन एकटा डीजे यायचा. त्याला ड्रमसाठी जागा लागत नसे, त्याची चार माणसं जेवत नसत, आणि त्याच्या रात्री टेबलं तीनदा भरत. मॅनेजरने किती गुरुवार आमच्यावर वाया घालवले, याचा विचार करतो तेव्हा तो धंद्यात कच्चा होता की आमच्यापेक्षा जास्त रॉकप्रेमी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कायद्यानेही तुम्हाला मदत केली आहे, त्याबद्दल कृतज्ञ राहा. महाराष्ट्रात सौम्य बिअरला वय लागतं 21, कडक दारूला 25. गिटारचा आवाज पोटात शिरतो ते वय 18-19 चं. तेव्हा पोरगं इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलात असतं, कानांत हेडफोन आणि खिशात चाळीस रुपये. कायदेशीर बिअर पिण्याचं वय होईस्तोवर त्याचं कॅम्पस प्लेसमेंट होतं आणि ते हिंजवडीला पोचतं. आमचे दोन गिटारिस्ट असेच गेले. एका बँडचं आयुष्य तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेपासून ऑफर लेटरपर्यंत. त्यातही एटीकेटी लागली तर बँड सहा महिने जास्त टिकतो.

आता महत्त्वाचं: बँडने स्वतःचं गाणं सुरू केलं की ताबडतोब उठा. खाली पानठेल्यावर जा. चाळीस वर्षांपूर्वीच्या इंग्रजी गाण्यांच्या नकला सुरू असतील तोवर बसा, डोळे मिटून मान हलवा, पण गायक माइकजवळ येऊन "हे आमचं आहे" म्हणाला की तुमची सिगारेटची वेळ झाली. नंतर बँडला भेटून सांगा, "मस्त वाजवता बे, पण ओरिजिनल नका वाजवू."

आमचं एक मराठी गाणं होतं. मे महिन्यात गच्चीवर पाणी मारून झोपण्याबद्दल. शब्द बरे होते, चाल त्याहून बरी, असं माझं मत आणि आमच्या ड्रमरच्या आईचं. एका गुरुवारी ते पहिल्यांदा वाजवायला घेतलं. पब म्हणजे आठ टेबलं. पाच रिकामी. ड्रम पुढे सरकू नयेत म्हणून खाली ड्रमरच्या घरची सतरंजी अंथरलेली, तिच्या एका कोपऱ्यावर मी पाय देऊन उभा. दुसरं कडवं सुरू झालं आणि वेटर टिश्यू पेपर घेऊन आला. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं, 'टेबल 6 बर्थडे. लवकर वाजवा केक वितळते.' कोपऱ्यात सॉसचा डाग. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गायकाने कडवं पूर्ण केलं, मग आम्ही वाढदिवसाचं गाणं वाजवलं, डिस्टॉर्शन पेडल पूर्ण दाबून, डबल बेस ड्रमवर. त्या रात्रीचा एकमेव वन्स मोर त्याला मिळाला. टिश्यू माझ्याकडे आहे अजून, गिटारच्या पेटीत.

शेजाऱ्यांकडे वळू. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहातल्या आतल्या वापराला सूट आहे, पण खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर तिथल्या मर्यादेच्या वर पाच डेसिबलपेक्षा जास्त जाता कामा नये. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. ड्रमर नुसता मूडमध्ये आला तरी ड्रमपाशी शंभराच्या वर जातो, आणि डेसिबलचं गणित असं की दर दहाला ऊर्जा दहापट. त्यात नागपूरकर घरी जेवल्याशिवाय निघत नाही. पोस्टरवर साडेआठ लिहिलेलं, साडेआठला आम्ही वेटरांसाठी वाजवायचो, आणि श्रोते दहाला यायचे, म्हणजे बरोबर पोलिसांच्या वेळेला.

मालकाने भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले होते. सगळे लावतात. माझ्या बेसची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झला वाजते. त्या लाटेची लांबी आठ मीटरच्या वर. अंड्याचा ट्रे दोन इंच. ट्रेमुळे खोलीतली झांजांची कचकच जरा कमी झाली असेल तर असेल. माझी तार स्लॅबमधून थेट वर जायची. दुसऱ्या मजल्यावरचे काकाजी एकदा खाली आले. चिडलेले नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "तुमचं गाणं आयकू नाही येत हो मले. नुसत्या फडताळातल्या वाट्या वाजून राहिल्या." मी त्यांना काय सांगणार? तेवढाच माझा आवाज आहे.

आता तुम्ही म्हणाल, लग्नाच्या लॉनवरचा डीजे चालतो, वरात चालते, मग आम्हीच काय घोडं मारलं? असं जरूर म्हणा. मोठ्याने म्हणा. हा मुद्दा गेल्या वीस वर्षांत कोणी जिंकलेला नाही, पण म्हणताना फार बरं वाटतं.

एका बाबतीत मात्र मला थट्टा सुचत नाही. वर यायला जिना एकच होता, अरुंद, आणि त्यावर आम्ही अँप्लिफायरची खोकी ठेवायचो. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिलच्या आगीत 14 माणसं गेली, त्यानंतर ठिकठिकाणी तपासण्या झाल्या. आम्ही तेव्हा 'सरकारला कला कळत नाही' म्हणून पानठेल्यावर चिडलो होतो. ती खोकी आमचीच होती.

असो. शोकाकडे येऊ, कारण त्यात तुम्ही माझ्यापेक्षा पटाईत आहात. शोकात परदेश आणा, वजन येतं. न्यूयॉर्कचं सीबीजीबी हे रॉक क्लब 2006 मध्ये बंद झालं आणि त्या जागी महागड्या कपड्यांचं दुकान आलं, हे सांगा. त्याच्या नावाचा टी-शर्ट बर्डीच्या बाजारात मिळाला तर घालूनच सांगा. लंडनचं अस्टोरिया हे संगीतगृह 2009 मध्ये बंद करून रेल्वेसाठी पाडलं, हे सांगताना आवाज जरा खाली आणा आणि वरून जाणाऱ्या आपल्या मेट्रोकडे पाहा. तिने कोणताही रॉक क्लब पाडलेला नाही, पण पाहायला हरकत नाही. मग देशात या. मुंबईत 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव जिथे भरत असे, ते रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं. ब्लू फ्रॉग हे क्लब 2007 ला उघडलं, 2016 ला मिटलं. यातल्या एकाही ठिकाणी तुम्ही गेला नसाल तरी 'आपण काय काय गमावलं' यात 'आपण' म्हणायला पैसे पडत नाहीत.

आणि शेवटच्या रात्री जा. ती चुकवू नका. आमच्या शेवटच्या गुरुवारी रांग जिन्यावरून खाली, औषधांच्या दुकानापुढून पानठेल्यापर्यंत गेली होती. तीन-तीन वर्षं न दिसलेली माणसं काळे टी-शर्ट घालून आली होती. काहींचे पोटावर ताणलेले. पुण्याहून एक गिटारिस्ट खास आला. मी सात वाजता मॅनेजरला फोन केला होता, बायको आणि दोन मेहुण्यांची नावं लिस्टमध्ये टाकायला. त्याने टाकली. आम्ही गच्चीवालं गाणं वाजवलं, आणि लोक पानठेल्यावर गेले नाहीत. अर्थात खाली उतरायला जिन्यात जागाच नव्हती.

आता तिथे अभ्यासिका आहे. भाचा तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, त्याला सोडायला गेलो तेव्हा आत डोकावलो. अंड्यांचे ट्रे तसेच आहेत, वरून पांढरा रंग मारलाय. ड्रम असायचे तिथे पाण्याचा कूलर. साठेक पोरं, टाचणी पडली तर ऐकू येईल. महिन्याचे पैसे आगाऊ, ओळख चालत नाही, लिस्ट नाही. जिन्यावर खोकी नाहीत.

खाली उतरताना काकाजी भेटले. हातात वहीचा कागद होता, तक्रार अर्ज लिहून चालले होते. पोरं म्हणे रात्री दहानंतर पानठेल्यापाशी उभी राहून फार बोलतात.