अध्यात्म देवघरातच ठेवा, असे म्हणणाऱ्यांना

कोल्हापुरातल्या तालमींच्या (म्हणजे पेठांतल्या मंडळांच्या), सोसायट्यांच्या आणि जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: अध्यात्म ही ज्याची त्याची खासगी बाब असून ती समाजकार्यात आणू नये, संतांनी लोकांच्या हाती टाळ देऊन समाज निष्क्रिय केला, राजर्षी शाहूंनी धर्म बाजूला सारला म्हणून कोल्हापूर पुढे गेले, आणि श्रद्धा रस्त्यावर आली की दंगल ठरलेलीच. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत समाजाचे मनापासून भले चिंतणारे अनेक जण आहेत. म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यावे असे मला वाटते.

शाहू महाराजांविषयीच्या विधानापासून सुरुवात करतो, कारण या शहरात तेच सर्वांत लवकर पटते आणि वस्तुस्थितीपासून तेच सर्वांत दूर आहे. पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी पुरोहिताने महाराजांना शूद्र ठरवून वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले आणि त्यातून वेदोक्त प्रकरण उभे राहिले, हा इतिहास आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्या अपमानानंतर धर्माकडे पाठ फिरवणे महाराजांना अगदी सोपे होते. पण त्यांनी उलट वाट धरली. त्यांच्या पाठबळावर 1911 मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला, 1918 मध्ये आर्य समाजाची शाखा निघाली, पौरोहित्य शिकवणारी वैदिक शाळा सुरू झाली आणि 1920 मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाच्या गादीवर सदाशिवराव बेनाडीकर यांची क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठा समाजाचे स्वतंत्र धर्मगुरू, म्हणून नेमणूक झाली. जन्माच्या जोरावर देवाच्या आणि माणसाच्या मध्ये उभा राहणारा मध्यस्थ त्यांनी हटवला; देवाला मात्र त्यांनी हद्दपार केले नाही.

याच राजाने 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला हात दिला आणि गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले तेव्हा तिथे थांबून स्वतः चहा घेतला, बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावला. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणे हा त्या काळी धर्माचाच प्रश्न होता, आणि महाराजांनी त्याचे उत्तर भर रस्त्यात दिले. या साऱ्यातून धर्मचिंतन वेगळे काढून केवळ प्रशासन तेवढे त्यांच्या नावावर ठेवणे म्हणजे त्यांना निम्मेच स्वीकारणे होय.

संतांवरील आरोप जुना आहे आणि त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. अभेदाचे अभंग शतकानुशतके गायले गेले, तरी चोखोबांच्या समाजाला विठ्ठलमंदिराचे दार बंदच राहिले, ही वारकरी परंपरेला लागलेली मोठी बोच आहे. पण ते दार उघडावे म्हणून मे 1947 मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषणाला बसलेले साने गुरुजी कोण होते? त्याच भक्तिपरंपरेत मुरलेला तो माणूस होता. गाडगेबाबा गावात शिरताच आधी खराटा हाती घेत, रस्ते झाडून काढत आणि मग रात्री त्याच लोकांपुढे कीर्तनाला उभे राहून कर्ज, दारू आणि पशुबळी यांवर त्यांना खडसावून प्रश्न विचारत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या, शिक्षणाला मदत केली. स्वतःच्या कुटुंबासाठी मात्र त्यातले काही ठेवले नाही. यातले कीर्तन कुठे संपते आणि समाजकार्य कुठे सुरू होते, हे संदेश लिहिणाऱ्यांनी दाखवून द्यावे.

अध्यात्म खासगी असावे, या म्हणण्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. कोणी कोणाची उपासना करावी वा करू नये, यात शेजाऱ्याने, संस्थेने किंवा सरकारने नाक खुपसू नये. परंतु उपासनेतून जे मन घडते ते घरात कोंडून ठेवता येत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 43 फुटांची धोकापातळी ओलांडून 55 फुटांच्या वर गेली आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, तेव्हा मठ, मशिदी, जैन संस्था आणि तालमी यांच्या चुली पूरग्रस्तांसाठी पेटल्या. पाणी ओसरल्यावर एका गल्लीत मी एका माळकरी काकांना पाहिले. ज्या घरातला कुजका गाळ ते घमेल्याने बाहेर ओढत होते, त्या घराशी त्यांची ओळखदेखील नव्हती. दमलात, थोडे बसा, असे कोणीतरी म्हणाले, तेव्हा ते एवढेच बोलले, "ही बी सेवाच हाय की." त्यांची माळ बाजूला ठेवून त्यांच्या श्रमाचे कारण शोधणे मला जमत नाही.

विसर्जनाचेही तसेच. घाटावर शेवटची आरती करून पाण्याने भरलेल्या काहिलीत (मोठ्या कढईत) मूर्ती बुडवणारी आणि मग ती दान करणारी कुटुंबे आपण दरवर्षी पाहतो. नदी स्वच्छ राहावी म्हणून श्रद्धावान माणसांनीच आपला विधी बदलला आहे.

आता दंगलीविषयी. 7 जून 2023 रोजी मोबाइलवरच्या स्टेटसवरून आपल्या शहरात जे घडले, ते पाहिलेल्या कोणाच्याही मनात ही भीती असणे स्वाभाविक आहे. तो खरा धर्म नव्हताच, असे म्हणून हात झटकणे मला पटत नाही, कारण घोषणा धर्माच्याच नावाने होत होत्या. मात्र संदेशात सुचवलेला उपाय उलटा आहे. समंजस श्रद्धावान माणूस देवघराचे दार लावून आत बसला, तर बाहेरचा ध्वनिक्षेपक आपोआप उरलेल्यांच्या हाती जातो. आपल्या जिल्ह्यातल्या कुरुंदवाडात मशिदींमध्ये गणपती बसतो, शहरातल्या जुन्या तालमींत गणेशोत्सवही होतो आणि मोहरमला पंजेही बसतात. हे कोणत्याही शासकीय परिपत्रकाने घडवलेले नाही. दोन्हीकडच्या भाविकांनी ते आपले मानले म्हणून टिकले आहे, आणि ते टिकवायचे तर त्यांनी बैठकीला यावेच लागेल.

तेव्हा हा संदेश पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपापल्या तालमीच्या पुढच्या बैठकीला जावे, वर्गणीचा जमाखर्च फलकावर लावण्याचा आग्रह धरावा, साउंड सिस्टीमचा खर्च कमी करून पेठेतल्या गरजू मुलांच्या फीसाठी रक्कम बाजूला काढावी असा ठराव मांडावा, आणि त्या बैठकीचे निमंत्रण गल्लीतल्या प्रत्येक घरी, मग ते कोणत्याही धर्माचे असो, पोहोचले का, हेही विचारावे.