वीरगळ खालून वर वाचायचा असतो

इतिहासाच्या कुठल्याही गटात जा, आठवड्याला एक तरी फोटो असा येतोच. देवळाच्या कडेला पिंपळाला टेकवलेला उभा दगड, त्यावर चौकटी पाडून कोरलेली माणसं, वरून शेंदराचा थर. खाली प्रश्न, "हे काय आहे?" आणि मग उत्तरांची रांग. मावळ्याची समाधी. पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं काम. गुप्तधनाची खूण. यातलं शेवटचं उत्तर सगळ्यात घातक, कारण त्यावर विश्वास ठेवून कुणीतरी रात्री पहार घेऊन येतो आणि सात-आठशे वर्षं उभा असलेला दगड आडवा करून जातो.

तो दगड बहुतेक वेळा वीरगळ असतो. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड, त्यावरून वीरकल्लु आणि आपल्याकडे वीरगळ. झुंजीत मेलेल्या माणसाची आठवण म्हणून घरच्यांनी किंवा गावानं उभा केलेला. महाराष्ट्रातले पुष्कळसे वीरगळ शिलाहार-यादव राजांच्या काळातले आहेत, कर्नाटकातली परंपरा त्याहून जुनी. राजांची दानं ताम्रपटांत सापडतात, देवांच्या कथा पुराणांत सापडतात. पण गावातला एक माणूस कशापायी मेला हे सांगणारा त्या काळातला पुरावा शोधायला गेलात तर हाती लागतो तो हाच दगड. आणि तोच आपण उलटा वाचतो.

उलटा म्हणजे खरोखरच उलटा. पुस्तकाच्या सवयीनं नजर वरून सुरू होते. वीरगळाची गोष्ट मात्र सगळ्यात खालच्या कप्प्यात सुरू होते आणि वर चढत जाते. कप्पे बहुधा तीन किंवा चार. तळाला वीर आडवा पडलेला असतो, मेलेला. त्याच्या वरच्या कप्प्यात झुंज: ढाल-तलवार, भाला, कधी धनुष्य, कधी घोडा. त्याच्या वर दोन्ही बाजूंनी दंडाला धरून वीराला वर नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, शेजारी पूजा करणारा पुरोहित. लिंगाऐवजी क्वचित विष्णू किंवा जैन तीर्थंकराची मूर्तीही असते. आणि माथ्यावर कलश, त्याच्या दोन्ही अंगांना चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर ही आठवण राहो.

या चढत्या क्रमामागचा विचार कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर एका संस्कृत श्लोकातच कोरलेला आहे: "जितेन लभ्यते लक्ष्मी मृतेनापि सुराङ्गना। क्षणविध्वंसिनि काये का चिन्ता मरणे रणे॥" जिंकलास तर लक्ष्मी, मेलास तर अप्सरा, क्षणात नाहीशा होणाऱ्या देहासाठी रणात मरणाची चिंता कसली? हा श्लोक डोक्यात ठेवला की मधल्या कप्प्यातल्या दोन बायका कोण हे कळतं. पुष्कळ पोस्टमध्ये त्यांना वीराच्या दोन बायका करून टाकलेलं असतं आणि मग त्या आधारावर त्या काळच्या बहुपत्नीत्वावर चर्चा रंगते. पाय जमिनीवर टेकलेले नाहीत, हात वीराच्या दंडाला आहेत, किंवा तिघं मिळून विमानात बसलेली आहेत, तर त्या अप्सरा.

आता मुख्य अडचण. जमीन वर येते. पावसाळ्यात वाहून येणारी माती, पालापाचोळा, मग देवळाभोवती घातलेली भर, मग फरशी. दगड तिथंच राहतो आणि त्याच्याभोवतीची पातळी फूट-दीड फूट चढते. सगळ्यात आधी पुरला जातो तो तळाचा कप्पा. म्हणजे माणूस का मेला ते सांगणारा भागच मातीत जातो आणि वर उरते फक्त शिवलिंगाची पूजा. मग गाव त्याला महादेवाचा दगड म्हणतं, म्हसोबा म्हणतं, भैरोबा म्हणतं. त्यात गावाची काही चूक नाही, जेवढं दिसतं तेवढंच ते वाचतंय. पण अभ्यास करायला आलेल्यानं आधी मोजलं पाहिजे की किती कप्पे दिसतायत आणि सगळ्यात खालची कोरीव पट्टी पूर्ण आहे की अर्धी. अर्धी असेल तर "खालचा भाग जमिनीत" एवढंच लिहून थांबायचं. स्वतः उकरायचं नाही. दगडाची मुळं सैल होतात, पुढच्या पावसात तो कलतो, आणि आजूबाजूच्या मातीच्या थरांतून जे कळलं असतं तेही जातं.

त्या तळाच्या कप्प्यात पुष्कळदा गाई असतात. नीट बघा. एकामागे एक तीन-चार गाई, शिंगं मागे वळलेली, तोंडं सगळी एकाच दिशेला, म्हणजे त्यांना कुणीतरी हाकून नेतंय. त्यांच्या पायांशी किंवा पुढ्यात तो आडवा पडलेला. हा झाला गोधनाचा वीरगळ. शेजारच्या गावची किंवा लुटारूंची टोळी आली, गुरं वळवून नेऊ लागली, आणि हा आडवा गेला. राज्य जिंकायला निघालेला हा माणूस नव्हे. गोठा रिकामा होत होता म्हणून तो उठला. नांगर, दूध, शेणखत, सगळी शेती त्या गुरांवर. गुरं गेली तर गाव उपाशी.

इथं मला दर वेळी विराटपर्व आठवतं. आपल्या ओठांवर उत्तराची फुशारकी आणि बृहन्नडेचा रथ. पण त्या पर्वातलं युद्ध मुळात गुरांच्या चोरीचं आहे. त्रिगर्तांचा सुशर्मा एका बाजूनं विराटाच्या गाई वळवतो, दुसऱ्या दिवशी कौरव दुसऱ्या बाजूनं साठ हजार गाई हाकून नेतात. कौरवांचे महारथी गवळीवाड्यांत गवळ्यांना मारत असताना मोठा आक्रोश उठला, असा एक श्लोक तिथं येऊन जातो. मग गाईंवरचा प्रमुख रथात बसून घाईनं नगरात येऊन खबर देतो. त्याला नाव नाही, नुसता गवाध्यक्ष. पुढचं सगळं अर्जुनाचं. महाकाव्याला मेलेल्या गवळ्यांसाठी एक श्लोक पुरला. गोधनाचा वीरगळ म्हणजे तोच श्लोक गवळ्याच्या घरच्यांनी, पाथरवटाला मजुरी देऊन, फुरसतीनं कोरून घेतलेला. म्हणून "पांडवांनी कोरलेलं" हे उत्तर मला एका अर्थानं जवळचं वाटतं, फक्त त्यातली माणसं बदलायला हवीत.

वीराचा दर्जा ओळखायला डोक्यावर छत्र आहे का पाहा, मागे चवरी ढाळणारा आहे का, तो घोड्यावर आहे की पायी. केसांचा मागे बांधलेला बुचडा आणि आखूड धोतर असेल तर मावळ्याची समाधी हे उत्तर तिथंच गळतं. पागोटं, अंगरखा, बंदूक दिसली तर दगड बराच नंतरचा. एवढं पाहिलं तरी निम्म्या चुका टळतात.

उरलेल्या चुका होतात त्या शेजारच्या दगडांमुळे, कारण माथ्यावरचे चंद्र-सूर्य सगळ्यांत सारखे असतात. गाय वासराला पाजतेय आणि बाकी माणूस नाही, तर ती दानाची शिळा, धेनुगळ. गाढव आणि स्त्री कोरलेली असेल तर गद्धेगाळ: दिलेलं दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी, पुष्कळदा शिल्पाच्या वर कोरलेल्या लेखासकट. ते शिल्प पाहून लोक ओशाळतात आणि कुठं कुठं दगड पालथा घालतात. कृपा करून घालू नका, मराठीतले काही फार जुने लेख अशाच दगडांवर आहेत, अलिबागजवळच्या अक्षीचा लेख त्यातलाच.

आणि सतीशिळा. एका खांबातून बाहेर आलेला, कोपरात काटकोनात वाकलेला हात, मनगटापासून भरलेला चुडा, पंजा वर. लोक त्याला देवीचा आशीर्वादाचा हात समजतात. तो चुडा न फोडता चितेवर गेलेल्या बाईचा हात आहे. कधी तो वीरगळाच्याच एका अंगाला असतो. वीराला निदान झुंज आहे, शस्त्र आहे, चेहरा आहे. तिचा दगडात फक्त हात. या दगडाची नोंद करावी, तो जपावा, पण त्याच्यापुढे जत्रा भरवू नये असं मी ठामपणे म्हणेन. सतीच्या उदात्तीकरणावर 1987 च्या कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी माझं म्हणणं हेच असतं.

समुद्रावरच्या झुंजीसाठी बोरिवलीच्या एकसर गावातले वीरगळ पाहावेत. वल्ही टाकलेल्या जहाजांची रांग, जहाजांवर दाटीनं उभे सैनिक, आणि वर तोच स्वर्गाचा चढता क्रम. अनेक अभ्यासक त्यांचा संबंध कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या आरमारी युद्धाशी लावतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला, महादेवाच्या कोपापेक्षा त्याला वडवानल, म्हणजे समुद्रातला अग्नी, बरा वाटला, असं हेमाद्री लिहितो. हेमाद्री यादवांच्या पदरी होता, तेव्हा ही जिंकणाऱ्याची वही. दगडावर कुणाचं नाव वाचता येत नाही, म्हणून हा संबंध तर्काचा आहे आणि तर्क म्हणूनच सांगावा. गोव्यातही कदंब राजांच्या काळातले जहाजांचे वीरगळ आहेत, संग्रहालयात जवळून पाहता येतात. जमिनीवरचे एकाच जागी भरपूर पाहायचे तर वाई तालुक्यातलं किकली, तिथल्या भैरवनाथाच्या आवारात ते रांगेनं आहेत.

गावच्या वीरगळाची नोंद करायची असेल तर भर दुपारी जाऊ नका. डोक्यावरच्या उन्हात बेसॉल्टवरचं कोरीवकाम सपाट दिसतं. सकाळी सात-आठला किंवा मावळतीला जा, तिरप्या उजेडात झिजलेली रेघसुद्धा उठून येते. अंधारात तर अजून चांगलं: मोबाईल तिपाईवर समोर, आणि टॉर्च एका बाजूनं दगडाला जवळजवळ चिकटवून, प्रकाश पृष्ठभागावरून घसरत जाईल असा. मग टॉर्च दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा एक फोटो. पूर्ण दगड, प्रत्येक कप्पा वेगळा, दोन्ही कडा, पाठ, आणि आजूबाजूची जागा. काही वीरगळ चारही अंगांनी कोरलेले असतात, म्हणून पाठ चुकवायची नाही. शेजारी मोजपट्टी धरा. उंची, रुंदी, जाडी, दगड काळा की जांभा, तोंड कोणत्या दिशेला, आणि गाव त्याला काय नावानं हाक मारतं ते. हे शेवटचं लोक विसरतात. नाव आजीच्या पिढीबरोबर जाईल.

साफ करायचाच तर साधं पाणी आणि मऊ कुंचला, बस्स. तारेच्या ब्रशनं नाक-डोळे जातात. ॲसिडनं वरचा थर भुसभुशीत होतो. रेघा उठाव्यात म्हणून खडू किंवा पीठ भरू नका, ते रंध्रांत बसतं, आणि पिठामागोमाग मुंग्या येतात. ऑईलपेंट सर्वांत वाईट: आतला ओलावा कोंडतो आणि दोन-चार पावसांत पापुद्रे सुटतात, कोरीवकाम पापुद्र्यासकट खाली. शेंदूर मात्र स्वतःहून खरवडू नका. ती चालू पूजा आहे, गावाशी बोलून, पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांच्या हातूनच तो निघावा. दगड हलवून संग्रहालय किंवा बंगल्याची बाग सजवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की शंभर वर्षांपलीकडचं शिल्प 1972 च्या कायद्यानं पुरावशेष ठरतं.

सध्या गावोगावी जीर्णोद्धार चालू आहेत. आवारात काँक्रीट पडतं, वीरगळ सरळ केले जातात आणि पायाशी सिमेंट ओतलं जातं. सिमेंटमधले क्षार ओलाव्याबरोबर दगडात चढतात, आणि तळाचा कप्पा कायमचा आत जातो. काम सुरू होण्याआधी गवंड्याला तिथं उभं करा, खाली वाकून त्या गाई दाखवा, आणि काँक्रीट दगडापासून वीतभर मागे ठेवून मधल्या जागेत नुसती वाळू-खडी टाकायला सांगा.